धूर कुणासाठी?

परवा दिवेलागणीला आमच्या गल्लीत पुन्हा ती गाडी आली. आधी घरघर ऐकू आली, मग डिझेलचा वास आणि मग पांढराधोप धूर. क्षणात सगळ्या इमारतीत एकच धांदल उडाली. "अगं, खिडक्या लावा, खिडक्या!" धडाधड खिडक्या बंद झाल्या. दोरीवरचे कपडे आत आले, ओट्यावरच्या भाजीवर ताट पालथं पडलं. पोरं मात्र नेहमीप्रमाणे आरडाओरडा करत गाडीच्या मागे धावली. पाच-सात मिनिटांत धूर विरला. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "चला, आता आठ दिवस तरी कटकट नाही." असं म्हणता म्हणताच त्यांनी स्वतःच्या दंडावर चापट मारली. तिथे डास बसला होता!

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण गेल्या वर्षीपर्यंत मीही काकूंसारखीच होते. पंधरा दिवस गाडी फिरकली नाही, की ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन करायचा आणि "आमच्याकडे धूर कधी मारताय?" असं ठणकावून विचारायचं, हे काम माझंच. धूर आला म्हणजे आपली दखल घेतली, असं वाटायचं.

मग भाद्रपदात धाकट्या जावेच्या मुलीला ताप आला. गौरी उठल्या त्या दिवशी अंग तापलं, डोळे दुखायला लागले. दोन दिवस साधा ताप समजून काढे दिले आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, डेंग्यू. पुढचे सहा दिवस घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, "प्लेटलेट किती?" सकाळी चहाच्या आधी तो, रात्री झोपताना तो. पोर बरी झाली, देवाची कृपा. पण मला प्रश्न पडला तो पडलाच. आमच्या घरात प्रत्येक खोलीत लिक्विडचं मशीन आहे. गॅलरीत कॉइल जळते. संध्याकाळी सहाला दारं-खिडक्या बंद होतात. शिवाय सासूबाईंची कडुनिंबाच्या पाल्याची धुरी वेगळीच. एवढा बंदोबस्त असताना डास चावलाच कसा?

उत्तर घेऊन आल्या त्या तपासणीला आलेल्या दोन मुली. हातात टॉर्च आणि पळी. मी त्यांना उत्साहानं खालचं गटार दाखवायला निघाले, तर त्यातली एक सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजच्या मागे वाकली. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, त्यात पाणी साचतं, हे मला माहीत होतं. पण तो शेवटचा कधी धुतला होता, ते मात्र आठवत नव्हतं. टॉर्चच्या उजेडात त्या पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. नंतर दिवाणखान्यातल्या मनीप्लांटच्या बाटलीत सापडल्या. शेवटी तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत. मी शरमेनं अर्धी झाले. गटाराला शिव्या घालत होते, आणि डेंग्यूचा डास मी घरातच पाळला होता!

"अहो, पण आमच्याकडे रोज मशीन चालू असतं," मी आपली बाजू मांडली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, पाण्यातल्या अळीला तुमच्या मशीनशी काय देणंघेणं? आणि मोठ्या डासांचं म्हणाल, तर तेही हल्ली या औषधांना दाद देत नाहीत."

दाद देत नाहीत! तो शब्द डोक्यात घुमत राहिला. मग मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे कळलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय, मैत्रिणींनो. कारण धुराची मागणी करण्यात आपण बायकाच पुढे असतो.

पहिली गोष्ट. आपण म्हणतो, "डासांना औषधाची सवय झालीय." तसं नसतं. डास जगतो तो जेमतेम दोन-तीन आठवडे, फार तर महिना. तेवढ्यात तो कसली सवय लावून घेणार? घडतं ते वेगळंच. हजारो डासांमध्ये दोन-चार असे जन्मतात, की ज्यांच्या शरीराला ते विष पचवता येतं. औषध मारलं की बाकीचे मरतात आणि हे दोन-चार उरतात. त्यातली एकेक मादी एका वेळी शंभरएक अंडी घालते. आठ-दहा दिवसांत त्यांची पोरं उडायला लागतात, बरीचशी आईबापांवर गेलेली. आपण पुन्हा औषध मारतो, पुन्हा त्यातले कमकुवत मरतात. शेतकरीण कशी बियाण्यासाठी टपोरी कणसं निवडून बाजूला काढते? तसे आपण औषध मारून मारून दणकट डासांचं बियाणं राखत असतो. डास शहाणे झालेले नाहीत, त्यांची निवड आपण केली आहे.

हे काही आज सुरू झालेलं नाही. माझ्या सासूबाईंना डीडीटीवाले अजून आठवतात. त्यांचं माहेर पेणकडचं. पंप घेतलेली माणसं गावात यायची, घराच्या भिंतींवर फवारा मारायची आणि दारावर तारीख लिहून जायची. देवघरात आणि चुलीपाशी बायका त्यांना येऊ द्यायच्या नाहीत. पुढे सण आला की भिंती सारवल्या जायच्या आणि डीडीटी सारवणाखाली गडप! सासूबाई हे सांगताना अजून खुदुखुदू हसतात.

पण त्या औषधानं केलेलं काम खोटं नव्हतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, असा अंदाज होता. तेव्हाच्या मुंबई प्रांतात कारवार आणि धारवाड भागात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास डीडीटी फवारणीचे प्रयोग केले. ते इतके यशस्वी झाले, की १९५३ मध्ये देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास आली आणि मृत्यू शून्य नोंदले गेले. कुठे साडेसात कोटी आणि कुठे एक लाख! डीडीटीचा हा गुण शोधून काढणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं होतं, ते उगाच नाही.

यश एवढं डोळ्यांत भरलं, की १९५८ मध्ये 'नियंत्रण' हा शब्द काढून 'निर्मूलन' हा शब्द आणला गेला. आणि साधारण त्याच वेळी, १९५९ च्या सुमारास, तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यात खेड्यात मलेरिया पसरवणारे डास डीडीटीला दाद देईनासे झाल्याचं लक्षात आलं. मग बीएचसी आलं. त्याचीही तीच गत झाली. मग मॅलॅथिऑन आलं. आपल्या पनवेलच्या शेजारी रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना १९७७ मध्ये उभा राहिला, तो या मॅलॅथिऑनसाठीच. पुढे तिथे डीडीटीही बनू लागलं. पण त्याच दशकात गुजरात-महाराष्ट्रातल्या डासांनी मॅलॅथिऑनलाही हरवायला सुरुवात केली होती. १९७६ मध्ये देशातल्या मलेरियाच्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. याला एकटा डास जबाबदार नव्हता. पैसा कमी पडला, औषध वेळेवर पोचलं नाही, यशानं सगळेच सुस्तावले. शेतातही तीच औषधं मारली जात होती, तिथूनही डासाला शिकवणी मिळाली. पण एक औषध हातात आहे म्हणून त्याच्यावरच विसंबून राहिलं की काय होतं, ते आपल्या देशानं एकदा भोगलंय.

मग आपल्या घरातली औषधं तरी नवी असतील, असं मला वाटलं होतं. म्हणून मी मशीनची बाटली, कॉइलचा पुडा, झुरळांचा स्प्रे अशी सगळी वरात ओट्यावर मांडली आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन, सायपरमेथ्रिन... सगळ्यांचं आडनाव एकच, 'थ्रिन'! ही सगळी एकाच घराण्यातली. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातलं विष पाहून माणसानं कारखान्यात बनवलेली. पोरींच्या डोक्यातल्या उवांना लावतो ते परमेथ्रिन याच घरातलं. वांग्यावरच्या किडीला मारतात त्यातही हेच. आणि सरकार मलेरियाच्या भागात वाटतं त्या औषधी मच्छरदाण्यांमध्येही यांचंच भावंडं असतं, डेल्टामेथ्रिन.

आता गंमत ऐका. डीडीटी आणि ही 'थ्रिन' मंडळी, दोघंही डासाच्या मज्जातंतूंवर एकाच ठिकाणी घाव घालतात. एकच कुलूप आणि दोन किल्ल्या म्हणा ना. डीडीटीच्या काळात ज्या डासांचं ते कुलूपच बदललं, त्यांच्या वंशजांना ही नवी किल्लीही नीट लागत नाही. म्हणजे आपण ज्याला नवं औषध म्हणतो, त्याची तोंडओळख डासाच्या घरात पणजीच्या वेळेपासूनची आहे. या शतकाच्या सुरुवातीलाच सुरत भागात डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे डास सापडले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० ते २०२० या काळाची माहिती गोळा केली, तेव्हा मलेरिया असलेल्या ८८ देशांपैकी ७८ देशांत कुठल्या ना कुठल्या औषधाला डास पुरून उरल्याचं दिसलं. संघटनेनं २०२३ मध्ये दोन वेगवेगळ्या औषधांच्या मच्छरदाण्यांची शिफारस केली, ती याच कारणानं. नवी औषधं येतात, नाही असं नाही. पण एक नवं औषध यायला वर्षानुवर्षं लागतात आणि डासाची नवी पिढी दहा दिवसांत तयार होते. ही शर्यत कोण जिंकणार, ते सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, "आमच्या पनवेलच्या कॉइलनं गडचिरोलीच्या जंगलातल्या डासाला काय फरक पडतो?" खरंय, काही पडत नाही. इथला डास तिकडे शिकवायला जात नाही. डास असा फार लांब उडतच नाही. पण त्यातच मेख आहे. आपल्या गल्लीतला डास आपणच घडवतो. उद्या खरोखर साथ आली, शेजारच्या वाडीवर, बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये धडाधड माणसं आजारी पडायला लागली, तर तिथे औषध मारावंच लागेल. त्या वेळी ते चाललं पाहिजे. आपण बायका अंगावरचं सोनं अडीनडीला म्हणून जपून ठेवतो. रोजच्या भाजीसाठी कुणी पाटली मोडत नाही. औषधाचा गुण हेही असंच सगळ्या गावाचं मिळून राखून ठेवलेलं सोनं आहे. ते आपण दर पंधरा दिवसांनी गल्लीत धूर करून उडवून टाकतोय.

बरं, त्या धुरानं साधतं तरी काय? जो दिसतो तो बहुतेक डिझेलचा धूर असतो. औषधाचा थेंब उडणाऱ्या डासाला प्रत्यक्ष लागला तर तो मरतो, नाहीतर नाही. पाण्यातल्या अळ्या, कोष, अंडी यांच्या केसालाही धक्का लागत नाही. डेंग्यूचा एडिस डास तर दिवसा चावणारा, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. बाकी वेळ तो पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटातल्या कपड्यांत बसून असतो. आणि गाडी आली की आपण काय करतो? खिडक्या लावतो. धूर रस्त्यावर, डास आत पडद्यामागे सुखरूप. जाणकार सांगतात, की धूर हा साथीच्या वेळी, रुग्ण सापडलेल्या भागात वापरायचा उपाय. आपण त्याचा नैवेद्य करून ठेवलाय, ठरलेल्या दिवशी दाखवायचा!

कॉइलचं तर आणखीच. कासवछापच्या वासात आपलं बालपण गेलं, त्यामुळे त्या वासाची कुणाला भीती वाटत नाही. पण २००३ मध्ये संशोधकांनी मोजून पाहिलं, तर एका कॉइलच्या धुरातून बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. खिडक्या लावून, तान्ह्या बाळाच्या पाळण्याखाली आपण ती ठेवतो. घरात कुणी सिगारेट पेटवली तर आपण त्याला उभा करू का? त्यापेक्षा पाळण्यावरची साधी मच्छरदाणी किती बरी. मच्छरदाणीच्या जाळीतून आरपार जायला अजून तरी कुठला डास शिकलेला नाही.

मग करायचं काय? उत्तर जुनंच आहे, डीडीटीच्याही आधीचं. १९११ मध्ये मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून डॉ. बेंटले यांनी अहवाल दिला. शहरात मलेरिया पसरवणारा डास घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांमध्ये वाढतो, तेव्हा विहिरी बुजवा किंवा झाका, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक चिडले. विहिरीचं पाणी पूजेला लागतं, ते झाकून कसं चालेल, म्हणून हिंदू आणि पारशी दोघांनीही विरोध केला. पण हळूहळू विहिरी झाकल्या गेल्या, टाक्यांना घट्ट झाकणं आली. मुंबईत आजही गच्चीवरच्या टाकीला डास शिरणार नाही असं झाकण आहे का, हे तपासायला माणसं येतात, ती त्याच परंपरेतली. हाच आपला शहरी डास, ॲनोफिलीस स्टीफेन्सी, २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात सापडला. तिथल्या शहरांतही तो साठवणीच्या पाण्यात मजेत वाढतोय आणि बऱ्याच औषधांना दादही देत नाही.

म्हणजे पाणी उघडं साचू द्यायचं नाही, एवढंच. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं आपल्याला सांगतात ते यासाठी. अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी भांडं रिकामं केलं, की त्यांचा संसार मोडतो. पण नुसतं ओतून भागत नाही हं! एडिसची मादी अंडी चिकटवते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला. ती कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की जिवंत होतात. म्हणून पिंप आतून घासायचं, खसाखसा. औषधाला पुरून उरणारे डास झालेत, पण घासणीला पुरून उरणारा डास अजून जन्माला आलेला नाही!

इथपर्यंत वाचून काही जणी मनात चिडल्या असतील. "म्हणजे पुन्हा आमच्याच माथी!" मीही चिडले होते. कोरड्या दिवसाच्या पोस्टरवर पिंप घासताना दाखवतात ती नेहमी बाईच. घरात पाणी भरते बाई, साठवते बाई, घासते बाई आणि पोराला डेंग्यू झाला तर "तुझं लक्ष कुठे होतं?" हेही बाईलाच. पण ती पाणी साठवते ते हौस म्हणून नव्हे. उन्हाळ्यात देहरंग धरणाचं पाणी खाली गेलं, की पाणी दिवसाआड, हा अनुभव जुन्या पनवेलनं किती उन्हाळे घेतलाय! गावात वडाळे तलाव, कृष्णाळे, विश्राळे, इस्राएल तलाव, कडेनं गाढी नदी, पाऊस तर असा की छत्री टिकत नाही. आणि नळाला पाणी नाही म्हणून घरात चार पिंपं, दोन टाक्या, कळशा, बादल्या. नळाला रोज, ठरलेल्या वेळी पाणी आलं, तर कुठली बाई पंधरा दिवसांचं पाणी घरात भरून ठेवील? माझं तर स्पष्ट मत झालंय, की डासांवरचं सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे नळाला येणारं नियमित पाणी. त्याला डास कधीच पुरून उरणार नाहीत.

आणि बाकीचं साचलेलं पाणी कुणाचं? १८५२ साली नगरपालिका झालेलं आपलं गाव २०१६ मध्ये महानगरपालिका झालं. विमानतळ आला, चहूकडे टॉवर उठतायत. अर्धवट बांधलेल्या इमारतीतला लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर भरून ठेवलेलं पाणी, तळघरातलं तळं, ते काही आपल्या घासणीच्या आवाक्यातलं नाही. तिथे राहणाऱ्या मजूर बाईची पोरं त्या पाण्याच्या कडेला झोपतात आणि ताप आधी त्यांना येतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं फुटकं झाकण हेही आपल्या घरकामात मोडत नाही. ते कमिटीच्या पुरुष मंडळींचं काम.

म्हणून मी माझे प्रश्न बदललेत. "धूर कधी मारताय?" हे आता मी विचारत नाही. मी विचारते, पाणी रोज कधी येणार? गच्चीवरच्या टाकीला झाकण कधी बसणार? समोरच्या बांधकामावर पाणी साचलंय, ते कोण काढणार? विहिरीत आणि शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडले का? आणि अगदीच धूर मारायचा असेल, तर त्यात कुठलं औषध आहे आणि ते आपल्याकडच्या डासांवर चालतं का, हे कुणी तपासलंय का? हे तपासता येतं, बरं का. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास तासभर ठेवतात आणि चोवीस तासांनी मेलेले मोजतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव किंवा जास्त मेले तर औषध चालतं. नव्वदपेक्षा कमी मेले तर डास पुरून उरले म्हणायचे. भात शिजला की नाही ते आपण शीत चेपून बघतो, तेवढी साधी गोष्ट. मग न बघता वाढायचं कशाला? हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला, तेव्हा समोरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हटलं, "नाही. पण माझ्या घरातली पोर सहा दिवस आजारी होती."

घरातही एक नियम केलाय. दर रविवारी पिंपं रिकामी होतात आणि ती घासतात दीर आणि माझा मुलगा. पहिल्या रविवारी नाकं मुरडली, दुसऱ्या रविवारी पाठ दुखली, आता मुकाट्यानं घासतात. पुतणीनं स्वतःहून फ्रिजच्या ट्रेचं खातं घेतलंय. मशीन अगदीच बंद केलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण आता ते सवयीनं लावत नाही, डास दिसले तरच. आणि पुतणीच्या पलंगावर मच्छरदाणी लागलीय.

परवा काकूंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे कुठे साचतंय पाणी? मी किती स्वच्छ ठेवते घर!" मी म्हटलं, "काकू, मीही हेच म्हणत होते. चला, टॉर्च आणते." मग आम्ही दोघी गुडघे धरत, कण्हत-कुथत त्यांच्या फ्रिजच्या मागे वाकलो.

तिथे काय सापडलं, ते मी सांगणार नाही. तुम्ही आधी तुमच्या फ्रिजमागे बघून या!